‘काय बिघडलं’चा रकाना

दादा, आधी भांडण. रडायचं ते रडून झालंय. तुझ्या घराच्या जिन्यात, काकूंना ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात ओढणी कोंबून. आता भांडू.

तुला टँकरवर चढायला कोणी सांगितलं होतं? माझ्या हातातला भोंगा हिसकावून घ्यायला कोणी सांगितलं होतं? आणि चढलास तर चढलास, पेटलेल्या माणसांपुढं उभं राहून ‘चूक माझी आहे’ असं कोण म्हणतं रे? मी कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून मोर्चांत आहे. जमाव मी अंगावर घेतलाय. चूक कोणाची हे त्याला आपणहून कधी सांगायचं नसतं. त्याच्या हातात दगड आधीच असतो, तो फक्त पत्ता शोधत असतो. तू त्याला पत्ता दिलास. तिसऱ्यांदा देत होतास, तेव्हा दगड आला.

नारळ फुटल्यासारखा आवाज झाला असं लोक सांगत फिरतायत. खोटं आहे. ओल्या पोत्यावर काठी बसावी तसा दबका आवाज झाला. भोंग्याचं बटण तुझ्या अंगठ्याखाली दाबलेलंच होतं, म्हणून तो आवाज सगळ्या नवरंगनगरनं ऐकला. त्याच्यामागून तुझा एक श्वास ऐकला. मग तू शिडीत पाय अडकून उलटा खाली आलास.

आणि मुळात यायचीच काय गरज होती? बसल्या जागी एक दुरुस्ती टाकायची होतीस, सगळ्यांच्या फोनवर गेली असती. ते यंत्र तूच बनवलं होतंस ना? दोन बोटांचं काम. त्यासाठी औरंगपुऱ्यातून स्कूटी हाणत, भर उन्हात, शहराच्या पार टोकाला? याचं उत्तर दे. चार दिवस मी हाच प्रश्न दात खाऊन विचारतेय, आणि तू नेहमीसारखा गप्प.

सकाळी भाऊ आले होते. आमच्या संघटनेचे अध्यक्ष. तू त्यांना ‘माइकचे मालक’ म्हणायचास आणि मी वरवर चिडायचे. आज ते तुझ्या ऑफिसात तुझ्याच खुर्चीवर बसले. मी म्हटलं, “भाऊ, तिथं नका बसू.” उठले, पण बोलायचे थांबले नाहीत.

“पोरी, पत्रक पायजे. आज पाचला शोकसभा हाय, तिथंच, टाकीपाशी. मथळा मी देतो. टँकरमाफियानं घेतला श्रीपादचा बळी.”

“दगड टँकरवाल्यांनी नाही मारला, भाऊ.”

“दगड कोणी मारला हे तुला कोण विचारतंय? पाणी कोणी मारलं ते लिही.”

“दोन्ही लिहू?”

“पत्रकात एकच असतंय. इतकी वर्षं काय शिकलीस मग?”

गंमत बघ, भाऊ अर्धे खरे आहेत. बाजरीच्या रानात प्लॉट पाडले, कमानीवर ‘चोवीस तास पाणी’ असं रंगवलं, आणि नळाची लाईन कमानीपर्यंतसुद्धा आणली नाही. त्या बिल्डरला मी माफ करणार नाही. दुष्काळात टँकरची पाळी आदल्या संध्याकाळी मनाला येईल तशी फिरवणाऱ्या त्या एजन्सीच्या माणसाला तर मी भर चौकात उभा करणार आहे. त्यांच्या नावानं माझ्याकडं शब्द कमी नाहीत. पण भाऊ गेल्यावर मी तुझ्या टेबलाशी बसले, मथळा लिहिला, आणि पुढं हात चालेना. कारण उरलेलं अर्धं फक्त मला माहीत आहे. तुला होतं, तू गेलास.

म्हणून पत्रक बाजूला ठेवून हे लिहितेय.

आपली पहिली भेट आठवते? मी भांडायलाच आले होते. साडीच्या दुकानावरचा दुसरा मजला, अंधारा जिना, कठड्याऐवजी बांधलेला दोर. दार ढकललं आणि विचारलं, “ते वेचणी का काय ते तुमचंच का?”

तुझ्या वेचणीचं मला कोणीतरी सांगितलं होतं. पंचवीस साइट पंचवीसदा उघडायच्या नाहीत. हव्या त्या एकदा निवडून ठेवायच्या, त्यांच्यावर नवीन काही पडलं की ते सगळं एका पानावर येऊन बसतं. टेंडर, टँकरची पाळी, धरणातलं पाणी, पेपर, कोणाचा ब्लॉग, सगळं. कल्पना झकास होती. पान मात्र उघडत नव्हतं.

“फार हळू आहे,” मी म्हटलं. “आमच्या पिशोरला तर गोल चक्रीच फिरत राहते. आईनं तेवढ्यात भाकरी थापून भाजली.”

तू हसलास. “भाकरी झाली ना? मग वेळ वाया नाही गेला.”

“नाव वेचणी ठेवलंय. कापूस कधी वेचलाय का?”

“नाही.”

“बोंडाची टोकं नखात घुसतात. रक्त निघतं.”

“मग नाव बरोबर आहे,” तू म्हणालास. “बस. चहा घेणार?”

पुढच्याच रविवारी तू माझ्याबरोबर एसटीनं पिशोरला आलास. मला वाटलं होतं, शिकलेला माणूस, नेटवर्क खराब आहे म्हणून हात झटकेल. तू आमच्या ओट्यावर दुपारभर आईचा तडा गेलेला मोबाइल घेऊन बसलास. बारका माणूस, गुडघे पोटाशी घेतलेले, पडद्याकडं बघत. आई मला आत म्हणाली, “हे पाव्हणं लई दुखणाईत दिसतंय गं.” जेवतानाही बोलला नाहीस. परत आल्यावर आठ-दहा दिवस फोन उचलला नाहीस. मग एक दिवस आईचाच फोन: “अगं, बोट लावायच्या आधीच उघडतंय!”

मला समजावताना तू पाण्याचाच दाखला दिलास. “आधी प्रत्येक माणसासाठी वेचणी वेगळी विहिरीवर जात होती. शंभर जणांनी एकच साइट निवडली तर शंभर खेपा. आता एकच खेप, पाणी टाकीत, प्रत्येकानं आपला नळ सोडायचा.”

“या शहरात नळ सोडला की काय येतं माहीत आहे ना?”

“हवा,” तू म्हणालास, आणि आपण दोघं इतके हसलो की खालून साडीवाल्यानं काठीनं छत ठोकलं.

फोटो तू काढून टाकलेस, नुसता मजकूर ठेवलास. रेंज गेली तरी शेवटचं पान फोनमध्ये राहील असं केलंस. शहराचं नाव बदललं तेव्हा जुनं नाव टाका नाहीतर नवं, दोन्हीकडच्या बातम्या येतील अशी सोय केलीस. त्यापायी एकानं चहाच्या टपरीवर तुझी कॉलर धरली, जुनं नाव अजून का चालतं म्हणून. पंधरा दिवसांत दुसऱ्यानं त्याच टपरीवर कानाखाली वाजवली, नवं नाव का घातलं म्हणून. तू गाल चोळत मला म्हणालास, “कोणतंही नाव टाक, पाणी नसल्याची बातमी एकच येते.” मी त्या दोघांना शोधायला निघाले होते, हातात तुझ्या मॉनिटरची वायर. तू दाराला आतून कुलूप घातलंस आणि किल्ली खिशात टाकलीस. मी दारावर लाथा घातल्या. तू कानात कापसाचे बोळे घालून काम करत बसलास.

असा होतास. मार खाल्ल्यावरही दोन्ही बाजू मोजायचास. त्याचा मला संताप यायचा. अजून येतो.

माझं पहिलं पत्रक तू वाचलंस तेव्हा ‘सगळे अधिकारी चोर’ याच्यावर बोट ठेवलंस. “सगळे? यादी आहे?” मी म्हटलं, “पत्रकात यादी नसते, आग असते.” तू म्हणालास, “मग खाली लिही, की यातले काही कदाचित चोर नसतील.” मी ते पत्रक चुरगाळून तुझ्या तोंडावर फेकलं. मग पायरीवर बसून ‘सगळे’ खोडलं आणि एकाचंच नाव लिहिलं. ते खरं निघालं, त्याची बदली झाली. तुला मी कधी सांगितलं नाही, की त्यानंतर प्रत्येक पत्रकाआधी ‘यादी आहे का’ असं मी स्वतःला विचारते. हे सांगायचं राहिलं. आणखी काय काय राहिलं, ते खाली येतंच आहे.

तुझी एक रीत होती. वेचणीत काही नवीन केलं, की एक कागद छापायचास. वर ‘नवीन काय’, मधे ‘वेगात काय सुधारलं’ आणि शेवटी ‘काय बिघडलं’. तोच मजकूर वेचणीवर टाकायचास आणि कागद दाराला चिकटवायचास. जिना चढून येणारा बघेल तरी कोण? साडीवाल्याचा हमाल आणि मी. पण तू चिकटवायचासच.

‘काय बिघडलं’ बघून मी डोक्याला हात लावला होता. “स्वतःची अब्रू स्वतः दाराला टांगतोस?”

तेव्हा तू आजोबांचं सांगितलंस. निजामाच्या दफ्तरात कारकून होते. जमिनीच्या नोंदवहीत शेवटचा रकाना असायचा कैफियतीचा. बाकीचे कारकून तो कोरा सोडायचे, आजोबा नाही. मोजणीत कुठं शंका राहिली, कोणाची खूण पटली नाही, आपल्या हातून काय खाडाखोड झाली, ते तांबड्या शाईनं लिहायचे. साहेब ओरडायचा. आजोबा म्हणायचे, उद्या या कागदावरून दोघं कुऱ्हाडी घेऊन उभे राहतील, तेव्हा हा रकाना मधे उभा राहील.

मी जांभई दिली होती. खरंच दिली होती.

मग ते एकत्र करायचं प्रकरण आलं. ते मीच आणलं. टँकरच्या पाळीची एक सूचना, ती आधी एजन्सीच्या साइटवर, तीच पाच पोर्टलवर, तीच कोणाच्या ब्लॉगवर. वरच्या नवरंगनगरच्या कौसाबाईंना मी त्यांच्या फोनवर वेचणी घालून दिली होती. वस्तीचं नाव टाकलं होतं, म्हणजे नाव आलं की फोन वाजेल. त्या मला रस्त्यात अडवून म्हणाल्या, “बाई, सात डाव वाजतंय आन् टँकर एक बी येत नाय. त्या मोबाइलवाल्याला सांगा, एकदाच वाजव, पर खरं वाजव.”

मी तुझ्याकडं आले. “सारख्या सूचना एकत्र कर. एकच वाजू दे.”

“हुबेहूब सारख्या करता येतील,” तू म्हणालास. “जवळजवळ सारख्यांचं अवघड आहे. एका शब्दाचा फरक असला तर यंत्राला तो फरक वाटत नाही. महिनाभर तपासावं लागेल.”

“महिनाभर? लोक हंड्यावरून एकमेकींचे केस उपटतायत!”

“म्हणूनच महिनाभर.”

आपण त्या दिवशी जे भांडलो, ते शेवटचं मोठं भांडण. मी म्हणाले, तू भित्रा आहेस. तू म्हणालास, मी उतावळी आहे. मी पाण्याचा ग्लास भिंतीवर आपटला, काच तुझ्या मनगटाला लागली. तू रुमाल गुंडाळलास आणि म्हणालास, “पाणी तरी कमी सांडायचंस.” मी माफी मागितली नाही. आठवड्यात तू ते करून दिलंस. मनगटावर पट्टी होती, तशीच.

आणि कागद माझ्या हातात दिलास. “तुझं मराठी माझ्यापेक्षा चांगलं. एकदा बघ.”

बघितलं. ‘नवीन काय’ छान होतं. ‘वेगात काय सुधारलं’ छान होतं. शेवटच्या रकान्यात एकच ओळ होती: ‘जवळजवळ सारख्या दोन सूचना चुकून एक होऊ शकतात. सूचनेखाली बारीक अक्षरात “आणखी एक” असं दिसलं तर ते उघडून बघा. त्यात तुमची पाळी वेगळी असू शकते.’

मी लाल पेन घेतलं आणि पूर्ण रकाना उडवला.

तू खोडलेल्या रकान्यावर बोट ठेवलंस. मग विचारलंस, “का?”

“लोकांना पहिल्यांदा काहीतरी चांगलं मिळतंय. त्याच्या शेपटीला शंका बांधू नकोस. एजन्सीवाले हीच ओळ घेऊन नाचतील, की बघा, यांचं यंत्रच खोटं.”

“पण ते खरं आहे.”

“खरं आहे म्हणून छापायचंच असतं का?”

तू कागद परत घेतलास. मग म्हणालास, “तू म्हणतेस तर.” तू आयुष्यात एकदाच तो रकाना कोरा सोडलास. माझ्यासाठी.

त्या दिवशीचं तुला सांगायला नको, पण मला सांगायला हवं. नवरंगनगरचे दोन भाग. टेकाडावरचं ते वरचं, टाकीच्या बाजूचं ते खालचं. अकरा दिवस दोन्हीकडं टँकर नव्हता. दुपारी एजन्सीनं दोन सूचना टाकल्या. खालच्याला आज चार वाजता, वरच्याला उद्या चार वाजता. बाकी अक्षर न् अक्षर तेच. तुझ्या यंत्रानं दोन्हींची मोळी बांधली. सगळ्यांचा फोन एकदाच वाजला: नवरंगनगर, आज चार वाजता, टाकीजवळ.

माझाही वाजला. खाली बारीक ‘आणखी एक’ होतं. ते वाक्य मी स्वतःच्या हातानं खोडलं होतं, म्हणजे त्याचा अर्थ जगात मला सर्वांत चांगला ठाऊक होता. मी उघडलं नाही. भोंगा घेतला आणि टेकाडाच्या पायथ्याशी उभी राहून ओरडले, “वरच्यांनी पण या! टँकर आलाय! पाणी सगळ्यांचं आहे!”

लोक आले. ड्रम, कळशा, तेलाचे डबे घेऊन, घसरत, पळत. टँकर एक. खालच्या बायकांनी पाइप धरला होता. वरच्यांनी तो ओढला. पाइप सुटला आणि चाबकासारखा फिरला, एका बाईचे दोन दात तिथंच पडले. तिच्या दिरानं कळशी उचलून समोरच्याच्या तोंडावर हाणली. मग कोण कोणाला हाणतंय ते कळेना. पाणी मातीत चाललं होतं आणि त्या चिखलात माणसं एकमेकांचे गळे धरून लोळत होती. ड्रायव्हर पळाला. मी भोंग्यावर घोषणा देत होते. दादा, मी घोषणा देत होते! मला दुसरं काही येतच नव्हतं. पिशवीत माझा फोन थरथरत होता. तुझे पाच कॉल. मी माझ्याच आवाजात ते ऐकले नाहीत.

मग तुझी स्कूटी आली. तू ती चालू तशीच टाकलीस, ती चिखलात आडवी पडून गुरगुरत राहिली. भोंगा घेतलास. चढलास. “ऐका! वरच्यांची पाळी उद्या आहे! एजन्सीनं नाही, मी चुकवलं! चूक माझी आहे!”

बाकीचं वर लिहिलं.

तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या आवारात कौसाबाई आल्या होत्या. तू आत नळ्यांमध्ये. त्या लिंबाखाली माझ्याशेजारी बसल्या. बराच वेळ पदराचं टोक चावत होत्या. मग म्हणाल्या, “बाई, म्या बी मारला.”

मला आधी कळलंच नाही. “काय मारला?”

“दगड. मह्या हातात व्हता. समद्यांनी मारले, म्या बी मारला. कुनाचा लागला म्हाईत नाय. महाच लागला आसंल.” मग माझ्याकडं न बघता, “मह्या मोबाइलवर आलं, आज हाय. म्हनून पोरीला तापात टाकून आले. त्यो वर चढून म्हनला, उंद्या हाय. महं डोस्कंच फिरलं, बाई. कुनी सांगितलं आस्तं तर म्या कशाला आले आस्ते?”

कोणी सांगितलं असतं तर.

माझा हात उठला होता, दादा. त्या बाईच्या कानशिलावर मारायला. खरं सांगते, उठला होता. मग तो तसाच मी माझ्या तोंडावर मारला. दोनदा. कौसाबाईंनी मनगट धरलं. “येड्या झाल्या का?” म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं नाही की ती ओळ लिहिलेली होती, आणि ती कोणी कापली. तेव्हा सांगायला हवं होतं. त्या दगडाचं ओझं मी त्यांच्या एकटीच्या पदरात ठेवून घरी आले. तासाभरात तू गेल्याचा निरोप आला.

आता ऐक, आज काय केलं ते.

भाऊंचा मथळा फाडला. तुझ्या खणात तो कागद सापडला, माझ्या लाल रेघेसकट. तू टाकून दिला नव्हतास. पुन्हा टंकला, अक्षरशः तुझाच मजकूर, फक्त शेवटचा रकाना परत घातला. त्याखाली एक वाक्य माझं: ‘ही ओळ आधीच्या कागदात होती. ती मी काढली.’ आणि नाव. छापला, दाराला चिकटवला. ‘नवीन काय’ लिहायचा पासवर्ड तू मला दिला होतास, म्हणून वेचणीवरही टाकला. म्हटलं, आता सगळ्यांच्या फोनवर जाईल. पाचच्या सभेआधी सगळे वाचतील. मग मारायचं ते मारतील.

वाट बघत बसले. माझाच फोन वाजेना. पुन्हा उघडला. काही नाही. टाकलंय की नाही म्हणून शोधायला गेले, तर वर तुझा जुना कागद, रकाना नसलेला, माझ्या हातचा. आणि त्याच्याखाली, बारीक अक्षरात: ‘आणखी एक’.

सगळा मजकूर तोच होता ना. दोनच ओळींचा फरक. यंत्राला तो फरक वाटला नाही.

मी त्या दिवशीच्या सूचनेवर गेले. नवरंगनगर, आज चार वाजता. चार दिवसांत मी ती पुन्हा उघडली नव्हती, हिंमत नव्हती. तिच्याखाली ‘आणखी एक’ नव्हतं. ‘आणखी चार’ होतं.

बोट लावलं.

पहिली एजन्सीची, वरच्या नवरंगनगरची. बाकीच्या तीन तुझ्या. साडेतीन वाजताची: ‘दुरुस्ती. वरच्या नवरंगनगरचा टँकर आज नाही, उद्या चार वाजता.’ दोन मिनिटांनी तीच पुन्हा, शब्द थोडे फिरवून. यंत्रानं तीही गिळली. एकत्र करणं बंद केलं तर सगळं नव्यानं भरायला अर्धा तास जातो, हे तूच मला सांगितलं होतंस. अर्धा तास तुझ्याकडं नव्हता. मी फोन उचलत नव्हते. मग तिसरी. तीही कोणालाच दिसणार नाही हे माहीत असताना का टाकलीस, देव जाणे. सवय असेल. नोंद करून ठेवायची सवय.

‘वरच्या नवरंगनगरचा टँकर उद्या. ही सूचना पोचत नाहीये. मी येतोय.’

मिळालं उत्तर.

साडेचार होत आले. भाऊंचे दोन फोन येऊन गेले, पत्रक कुठंय म्हणून. भोंगा एका बाजूनं चेपलाय, पण वाजतो, मी मघाशी बघितलं. दाराचा कागद काढून घेतलाय. वेचणीवरून तो पोचणार नाही.

मी टाकीवर निघालेय, दादा. आधी कौसाबाईंकडं थांबते, मग भोंगा घेऊन टाकीवर चढते. तू तीनदा ओरडलास, ‘चूक माझी आहे.’ ती सूचना चुकीची होती. दुरुस्ती हातानंच न्यावी लागते, हे तू दाखवलंस.